साखराबाईचा अभ्यास दौरा

हैदराबाद, मुक्काम लॉज
ता. १२ एप्रिल १९८७

चि. भिवरा हिला आजीचा आशीर्वाद. वि. वि.

पत्रावर हैदराबादचा शिक्का बघून घाबरू नको. मी मेले न्हाई आन् पळूनबी गेले न्हाई. मला पळवलंय. परवा सकाळी माणिकराव चेअरमननं जीप दारात लावली आन् म्हणला, काकू, दूध संस्थेचा अभ्यास दौरा हाय, दोन लुगडी घ्या आन् बसा. मी म्हणलं, जन्मात शाळेची पायरी चढले न्हाई, माझा अभ्यास कशाचा घेतोस. तर म्हणला, दुधाचा. आपल्या लिंबाचीवाडीत सध्या एक कॅन धड भरत न्हाई. म्हशीला कडबा न्हाई, माणसाला पाणी न्हाई, आन् त्या गावचे डायरेक्टर दुधाचा अभ्यास करायला निघालेत. काल एका मोठ्या डेअरीचं फाटक बघितलं. बंद होतं. माणिकरावानं त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढला आन् अभ्यास संपला.

खरं काय ते सांगते. अठ्ठावीस तारखेला चेअरमनची निवड हाय. डायरेक्टर सात. सर्जेराव धरून तिघं त्याचे. माणिकरावाकडं चौघं: तो, त्याच्या मागं फिरणारा आश्रुबा, त्याची बायको साखराबाई आन् मी. बायकांच्या दोन जागा असतेत. एक त्यानं घरातच ठिवली. दुसरीवर मला बसवलं, कारण तुझा बाप संस्थेत दुधाची फॅट बघायला नोकरीला हाय, तवा म्हातारी जातीय कुठं. पर चौघांतला एक हात तिकडं गेला की सर्जेराव चेअरमन. म्हणून निवडीपर्यंत आमाला त्याच्या नजरेआड ठिवलंय. सगळ्या जिल्ह्यात हीच रीत हाय. गावात आमाला कुणी विचारीत न्हाई, निवड आली की जपून ठिवतेत.

तू म्हणशील, दूध न्हाई तर चेअरमनकी कशाला पायजे. दूध न्हाई, पर बोअर हाय ना. कॅन धुवायला घेतलेली संस्थेची बोअर, गावात पाणी राहिलंय ते तिलाच, आन् तिच्या कुलपाची किल्ली चेअरमनच्या हातात. दिवसा गावाला करंगळीएवढी धार आन् पहाटे पाइप भरून माणिकरावाच्या मोसंबीला. सर्जेराव म्हणतो हा अन्याय हाय. खरंच हाय, त्याचा ऊस वाळायलाय.

मी आन् साखराबाई एका खोलीत. तिला माझ्यावर पहारा करायला ठिवलंय. नवऱ्यानं तिला सांगितलं, काकूच्या मागं सावलीसारखी राहा, काकू हात वर करतील तवा तूबी कर. मला सांगितलं, साखरा हात वर करील तवा तुमी करा. आमी दोघी एकमेकीकडं बघत बसलो तर संस्थेला चेअरमनच मिळायचा न्हाई. बाई मुकी असल्यावाणी राहती. डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला. तिचं कपाळ मी अजून बघितलं न्हाई.

तू मला लिहायला शिकवलंस हे तुझ्या-माझ्यातच हाय. माणिकराव समजतो मी अंगठेवाली. समजू दे. बोलण्याचं म्हणशील तर इथं मला काही अडत न्हाई. निजामाच्या राज्यात केजच्या कचेरीत हीच बोली चालायची. कशाला म्हणून विचारायचं तर आपण कावून म्हणतो, हे कैकू म्हणतेत. माणिकराव मात्र सिनेमातली हिंदी बोलतो आन् रिक्षावाले त्याला नक्को म्हणून निघून जातेत.

तुझी माय पाण्याला कुठवर जाती, म्हैस उभी हाय का, ते लिही. लोभ हाय तेवढा ठिव, वाढवायची घाई न्हाई.

तुझी आजी,
केशरबाई

*

अंबाजोगाई, मुलींचे वसतिगृह
ता. १७ एप्रिल १९८७

ती. आजीस भिवराचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खोलीतल्या मुलींना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, आमच्या आज्यांनाही कुणीतरी पळवा. तुझं अक्षर सुधारलंय. ओळी मात्र अजून डोंगर चढतात आणि शेवटचा शब्द दरीत पडतो.

चौदा तारखेच्या सुट्टीला घरी गेले होते. आई पहाटे ओढ्यात जाते. तिथं वाळूत झिरा खणलाय, त्यात पाणी पाझरलं की वाटीनं घागर भरायची. एक घागर भरेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. तिचे गुडघे वाळूत बसून सोलून निघालेत. म्हैस छावणीत आहे. उभी राहते, पण उठवायला दोन माणसं लागतात. टँकर आला की भांडणं होतात आणि टँकर गेला की त्या भांडणांवरून भांडणं होतात.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. पहाटे आईबरोबर ओढ्याकडे निघाले, तेव्हा संस्थेच्या आवारामागून मोसंबीकडे जाणारा पाइप वाटेत लागला. मी हात लावून बघितला. गार होता आणि आतून थरथरत होता. या उन्हाळ्यात इतकं गार काही हाताला लागलं नव्हतं. आई म्हणाली, चल, हात काढ. मोसंबीकडे पाणी सोडणारा व्हॉल्व कोण फिरवतं ते कुणाला माहीत नाही. माणिकराव तर तिकडे तुमच्याबरोबर आहे. गड्याला फिरवताना कुणी पाहिलेलं नाही. आई म्हणते, तुम्ही गेलात त्या पहाटेपासून तो रात्रंदिवस मोसंबीकडेच चालू आहे, कुणी बंदच केलेला नाही.

सर्जेरावही घरी येऊन गेला. दादांना म्हणाला, केशरकाकूंनी माझ्यासाठी हात वर केला तर बोअर गावाला खुली. दादांनी विचारलं, आणि तुमच्या उसाचं काय. तो चहा पिऊन निघून गेला. दादांना झोप नाही. तू हललीस तर माणिकराव पहिल्यांदा त्यांना नोकरीवरून घरी बसवेल.

आता तू सांग, कुणासाठी हात वर करणार आहेस? मी विचारणार नव्हते, पण आईचे गुडघे बघून आले.

आणि नेलंच आहे तर सगळं बघून ये. म्युझियम बघ, चारमिनार बघ, इराणी हॉटेलात चहा पी. दुष्काळात एवढं डिझेल जाळलंय, कुणाच्या तरी कामी येऊ दे. लोभ आहेच, तो अर्धा म्हशीला देते आहे.

तुझी,
भिवरा

*

लिंबाचीवाडी
ता. १८ एप्रिल १९८७

ती. आईस बालक उत्तरेश्वरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुला वाचता येत नसल्यामुळे हे पत्र कोणाकडून तरी वाचून घ्यावे. चेअरमनसाहेबांकडून वाचून घेतल्यास फारच उत्तम.

इकडे सर्व क्षेम आहे. पाण्याची थोडी ओढ आहे, परंतु संस्थेच्या कृपेने लोकांना बरेच मिळते. चेअरमनसाहेबांनी तुला ह्या वयात एवढा मोठा प्रवास घडवला, हे उपकार आपले घर विसरणार नाही. साहेबांनी सांगितले तेव्हा व तेवढाच हात वर करावा. मध्ये बोलू नये. सभेत बोलण्याची तुला सवय आहे म्हणून लिहिले.

आई, मला दुसरे काही काम येत नाही हे तुला ठाऊक आहे. फॅट बघणे सोडून मी काय करणार. भिवराचे शिक्षण अर्धे झाले आहे. म्हशीची काळजी करू नये, ती मजेत आहे.

साहेबांना माझा नमस्कार सांगावा, म्हणजे ते हे वाचतच असतील तर त्यांनी तो इथेच स्वीकारावा. कृपा असावी.

आपला आज्ञाधारक,
उत्तरेश्वर

*

हैदराबाद
ता. २३ एप्रिल १९८७

चि. भिवरा हिला आजीचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र लॉजच्या मॅनेजरनं माझ्या हातात दिलं, ते बरं झालं. तुझ्या बापाचं मात्र माणिकरावाच्या हातात पडलं. त्यानं खुर्चीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं, आन् स्वतःचं नाव आलं की थांबून माझ्याकडं बघायचा. मी काही कळत न्हाई असं तोंड केलं. म्हैस मजेत हाय हे ऐकून मला हसू आलं, तर त्याला वाटलं मी खूश झाले.

काल शहर बघितलं. सगळे मिळून म्युझियमला गेलतो. तिथं एक मोठं घड्याळ हाय. तास भरला की बारकं दार उघडतं, दाढीवाला बाहुला बाहेर येतो, घंटीवर टोले देतो आन् आत जातो. एवढ्यासाठी माणसं बाकावर बसून राहतेत, लग्नात अक्षतांची वाट बघावी तशी. टोले पडले तवा आश्रुबा पाणी प्यायला गेलता. मग माणिकराव म्हणला, आता याच्यासाठी पुढच्या तासापर्यंत बसू. खरं तर त्यालाच पुन्हा बघायचं होतं. मी म्हणलं, तुमी बसा, आमी बायका आतलं बघून येतो.

एका खोलीत पांढऱ्या दगडाची बाई हाय. तोंडावर पदर, आन् तो पदर इतका पातळ की आतलं नाक-डोळे दिसतेत. पदरबी दगडाचाच. साखराबाई तिच्यापुढून हलंना. बऱ्याच वेळानं मला हळूच विचारलं, काकू, हिला आतून दिसत असंल का. दहा-बारा दिवसांत तिनं आपणहून बोललेलं हे पहिलं.

पुढं लाकडाची एक मूर्ती बघितली. एकाच लाकडात समोरून पुरुष, छाती काढून उभा, आन् मागं आरसा लावलेला. आरशात बघावं तर त्याच्या पाठीत बाई कोरलेली, मान खाली घातलेली. मी म्हणलं, साखरे, तुमच्या घरचा फोटो इथं कुणी आणून ठिवला. ती इतक्या मोठ्यानं हसली की पहारेवाला धावत आला आन् गप्प बसा म्हणला. तिथून मी तिला बाहेरच्या दारानं काढली. पहाऱ्यावर ती होती, तवा पळून जायला तिचीच परवानगी घेतली. दिली.

पुलावरून चाललो. खाली नदी म्हणून जे काही होतं त्यात म्हशी बसायलाबी पाणी नव्हतं. साखराबाई म्हणली, निजामाची नदीबी आपल्यासारखीच. मग रिक्षानं चारमिनारला. तुझे आजोबा एकदा इथं आलते आन् जन्मभर सांगायचे की त्याच्यापुढं आपला गाव काहीच न्हाई. बघितल्यावर कळलं, या एका गोष्टीत ते खरं बोलायचे. शेजारी लाड बाजार, नुसत्या बांगड्या. साखराबाईला हिरव्या भरायच्या होत्या. मी म्हणलं, चेअरमनच्या घरची बाई हाय, चांगल्या भर. बांगडीवाल्यानं हात दाबला आन् थांबला. मला म्हणला, अम्मा, ये हात तो चेअरमन के घर का नै दिसता. तळव्यावर जाड घट्टे, बोटांच्या मुळाशी फोड फुटून वाळलेले. घरी मोलकरीण, पाणी दारात, आन् हाताला घट्टे. तिनं हात मागं ओढला. बांगड्या मग मलाच भराव्या लागल्या तिच्या हातात. तिनं जाताना एक कमरेला अडकवायचा किल्ल्यांचा छल्लाबी घेतला, मी विचारलं न्हाई कशाला.

मग इराणी हॉटेलात गेलो. बायकांसाठी पडद्याची खोली हाय, संगमरवरी टेबल, चहा असा घट्ट की चमचा रुतावा. सोबत खारट-गोड बिस्किटं. साखराबाईनं हॉटेलात कधी चहा पिला नव्हता. पहिली बशी तिनं पडद्याकडं बघत बघत संपवली. दुसरा चहा आला, तवा तिनं सांगितलं.

व्हॉल्व तीच फिरवती. गंजलेलं लोखंडी चाक, रोज पहाटे उघडायचं, उजाडायच्या आत बंद करायचं. माणिकराव तिलाच धाडतो. पुरुष माणूस त्या वेळी आवारात दिसला तर कुणीबी विचारील, काय करायलास बे. बाई पहाटे हातात तांब्या घिऊन निघाली की तिला कोण विचारतं, कुठं चाललीस म्हणून. सगळा गाव मान वळवतो. इतका हुशार नवरा मिळाला तिला. इकडं निघताना त्यानं चाक उघडंच ठिवायला लावलं, दौऱ्याहून येईस्तोवर. म्हणली, मी कुठं गेले की बायका बोलायच्या थांबतेत. संक्रांतीला माझ्या घरी वाण घ्यायला कुणी आलं न्हाई. मी म्हणलं, मीबी आले नव्हते, आन् ते तुमच्या मोसंबीच्या पाण्यापायीच. खोटं कशाला बोलू. रडली थोडं. मी रडू दिलं, माझा चहा गार होईपर्यंत.

मग मी तिला एकच विचारलं, किल्ली तुझ्याकडं असती तर चाक कवा फिरवलं असतंस. तिनं चहा बशीत ओतला, फुंकला, पिला आन् म्हणली, दिवसा.

परत आलो तर माणिकराव घड्याळ सोडून दारात. त्याला वाटलं सर्जेरावाची जीप येऊन आमाला घिऊन गेली. बायकोवर ओरडला, कुठं गेलतीस. ती म्हणली, तुमी सांगितलं तसं काकूच्या मागं सावलीसारखी होते. त्याचेच शब्द होते.

तू विचारलंस हात कुणासाठी. माणिकरावासाठी न्हाई, सर्जेरावासाठीबी न्हाई. उरलं कोण ते तू शिकलेली हायस, काढ. तुझ्या बापाची नोकरी जाईल का, तर जाऊ शकती. ते मला कळत न्हाई असं समजू नको. पर तुझी माय वाटीनं घागर भरती, आन् तिचा नवरा चेअरमनला पत्रातून नमस्कार घालतो. दोन्ही माझ्याच घरात.

बिस्किटं तुझ्यासाठी बांधून घेतलीत. टिकली तर तुझी.

तुझी आजी,
केशरबाई

*

लिंबाचीवाडी
ता. २ मे १९८७

चि. भिवरा हिला आजीचा आशीर्वाद. वि. वि.

बिस्किटं टिकली न्हाईत. साखराबाईनं आन् मी जीपमध्ये खाल्ली. बाकी सांगते.

अठ्ठावीसला जीप थेट संस्थेच्या आवारात आणली, घरी पाय धुवायलाबी सोडलं न्हाई. केजहून निवडीचा साहेब आलता. सर्जेरावाचं नाव आलं, माणिकरावाचं आलं. साहेबानं विचारलं, आणखी कोणी. मी म्हणलं, साखराबाई. लोकांना वाटलं म्हातारी प्रवासानं शिणली. साहेबानं सूचक म्हणून अंगठ्याला शाईची डबी पुढं केली, मी पेन मागितला. तुझा बाप खिडकीत उभा होता. त्याचं तोंड मी बघितलं, पर नाव लिहायचं सोडलं न्हाई. इतकं हळू लिहिलं की साहेब दोनदा उठून बसला.

अनुमोदन कोण देणार म्हणून मला काळजी होती. आश्रुबानं दिलं. त्याला वाटलं ही माणिकरावाचीच खेळी हाय, घरातलंच तर नाव हाय. माणिकराव त्याचा सदरा ओढीत होता, पर आश्रुबाला उशिरा कळतं, घड्याळाच्या वेळीबी तसंच झालं. मग साहेबानं बाईला विचारलं, संमती हाय का. तिनं माझ्याकडं बघितलं. मी हात वर केला. तिनंबी केला, नवऱ्यानं शिकवलं तसा. आन् दुसऱ्या हातानं पदर कपाळावरून मागं सारला. कपाळ चांगलं मोठं हाय बाईचं.

आता हिशेब बघ. सर्जेरावाकडं तिघं बसलेले. आमी दोघी. माणिकराव आन् आश्रुबा दोघं. माणिकराव उभा राहिला असता तर सर्जेराव तीन हातांवर चेअरमन झाला असता, आन् ते सर्जेरावालाबी कळलं, मिशीत हसायला लागलता. माणिकरावानं आधी बायकोकडं बघितलं, मग सर्जेरावाकडं. त्याला काय वाटलं ते मला ठाऊक हाय. बायको झाली तरी कारभार आपलाच, सर्जेराव झाला तर मोसंबी गेली. त्यानं नाव मागं घेतलं. हात वर केला तो असा, जसा त्या घड्याळातला बाहुला: दार उघडलं, टोला दिला, आत गेला. चार विरुद्ध तीन. साखराबाई चेअरमन.

हार आला तो माणिकरावानंच गळ्यात घालून घेतला आन् भाषणबी त्यानंच केलं. साहेबानं दप्तर आन् बोअरची किल्ली मात्र बाईच्याच हातात दिलती, तवा घरी जाऊन त्यानं ती मागितली. किल्ली त्या लाड बाजारच्या छल्ल्यात बाईच्या कमरेला. म्हणली, मासिक सभेत विषय ठिवा, चर्चा करू. सभा महिनाअखेर हाय.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर ती निघाली. हातात तांब्या न्हाई. पदर डोक्यावर, कपाळ उघडं. सगळ्या गावासमोर चाक फिरवून पाणी गावाच्या हौदात सोडलं. चाकाला हात असा बसला की बघणाऱ्या बायकांना काय कळायचं ते कळलं. तुझी माय म्हणली, हात दाखव, हळद लावते.

मोसंबीचं म्हणशील तर झाडं सुकायलीत. झाडांचा काय दोष. कॅन धुतलेलं पाणी त्यांना जातं, बाईनं तेवढं ठिवलंय. सर्जेरावाच्या उसाला तेबी न्हाई, म्हणून तो आता बायकांच्या राखीव जागा रद्द करा म्हणतोय. म्हैस छावणीतून आपल्या पायांनी चालत आली. तुझा बाप माझ्याशी दोन दिवस बोलला न्हाई. नोकरी राहिली, वर बाईनं त्याला पाण्याच्या रांगेवर लक्ष ठिवायला नेमलं, तवापासून माझी आई माझी आई करत फिरतोय. लिहायला शिकले ते लपवलं म्हणून रुसलाय, ते वेगळं. त्याचं पत्र मी जपून ठिवलंय हे त्याला सांगू नको.

काल मी घागर घिऊन थेट हौदाच्या पुढं गेले. म्हणलं, चेअरमन माझी, मीच केलेली. साखराबाई म्हणली, काकू, मागं उभं राहा. सगळ्यांसमोर. राहिले. माझ्या पुढं कोण, तर माणिकराव, हातात कळशी. मागं न वळता म्हणला, काकू, बायको बिघडवलीत माझी. मी म्हणलं, दौरा तुमी काढला, आमी नुसता अभ्यास केला. रांग हलली. तो एक पाऊल पुढं सरकला, मीबी सरकले.

लोभ असू दे, नंबर लावून मिळाला तरी चालंल.

तुझी आजी,
केशरबाई